साखर मोजून केलेली भाऊबीज

यंदा भाऊबीजेच्या तीन आठवडे आधी दादाचा फोन आला. "या वर्षी बाहेरच जेवू या का? तू घरी ओवाळ, मग सगळे हॉटेलात जाऊ. उगाच तुला त्रास नको."

बोलला प्रेमाने, पण मला लागलं. कारण मागच्या भाऊबीजेला काय झालं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं. माणसं चौदा आणि पदार्थ अकरा. गोडाचेच तीन, त्यातले दोन विकतचे. मी सकाळी पाचपासून ओट्याशी, कुणी मदतीला आलं की "राहू दे, मी करते" म्हणून परत पाठवणारी. ओवाळतानाही लक्ष कुकरच्या शिट्टीकडे. दादाला त्या दिवशी काहीतरी बोलायचं होतं, ते तो न बोलताच गेला. पुढे तीन दिवस आम्ही उरलेलं खात होतो, आणि महिनाअखेरीला खर्चाचा आकडा बघून नवऱ्याने नुसती भुवई वर केली. असो.

फोन ठेवल्यावर आईला विचारलं, "तू चाळीतल्या एका खोलीत एवढ्या माणसांचं कसं करायचीस गं?" आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती म्हणाली, "करायचे कसली, मोजायचे." आणि मग ती १९७३ च्या दिवाळीवर आली.

ते वर्ष काय होतं, ते आमच्या पिढीला थोडं सांगायला हवं.

१९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती, बांध घालत होती. रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो. तिची भाकरी कशी लागायची हे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, आधी चेहराच सांगेल. पुढे पाऊस बरा झाला, पण भाव काही उतरले नाहीत. १९७३-७४ या वर्षात घाऊक महागाई वीस टक्क्यांच्या घरात गेली. त्यात ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली. दिवाळी नेमकी त्याच महिन्यात होती.

साखरेची तर आणखीच गंमत. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्र साखरेचं आगर झाला. पण त्याच महाराष्ट्रातल्या मुंबईत बाई रेशनकार्ड घेऊन साखरेच्या रांगेत उभी! कारखान्यांच्या साखरेतला मोठा वाटा सरकार ठरलेल्या भावाने घेई आणि रेशनवर देई. उरलेली खुल्या बाजारात जाई, ती महाग. कारखान्यांवरची ही सक्ती थेट २०१३ साली उठली.

मुंबईला रेशन नवं नव्हतंच. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि मे १९४३ पासून शहरात रेशनिंग लागू झालं. स्वातंत्र्यानंतर ते उठलं, पुन्हा आलं, १९५४ च्या सुमारास पुन्हा उठलं. १९६५ साली युद्ध आणि दुष्काळ एकदमच आले, तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ जेवण सोडायचं आवाहन केलं; कित्येक घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. पुढे अनेक राज्यांत समारंभाच्या पंगतीत किती पाहुणे जेवू घालायचे यावर कायद्याने मर्यादा आली. म्हणजे आमच्या आजीने आणि आईने जे सण केले, त्यातले पुष्कळसे असे सरकारी मापात बसवलेले होते. आपण ज्याला "पूर्वीची दिवाळी" म्हणून उसासे टाकतो ती ही.

आता आईची १९७३ ची भाऊबीज. तिला भाव आठवत नाहीत, मापं मात्र चोख आठवतात. श्रावणापासून घरात सगळ्यांचा चहा गुळाचा. वाचलेली साखर डालडाच्या पिवळ्या डब्यात. दिवाळीपर्यंत तो डबा अर्धा भरला. फराळाला एक गोड आणि एक तिखट, करंज्या आणि चिवडा. चकल्या मात्र मजल्यावरच्या चार घरांनी मिळून केल्या. तेल चौघींचं, कढई एकीची, सोऱ्या दुसरीचा, आणि भाजणी जिला जमते तिची. तळून उरलेलं तेल चार वाट्यांत मोजून आपापल्या घरी, फोडणीला.

भाऊबीजेला दोन मामा, माम्या, मुलं धरून अकरा माणसं. जेवणात वरणभात, पुरी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर आणि गव्हाची खीर, गूळ घालून. साखर खिरीला लागलीच नाही, ती करंज्यांसाठी राखलेली. मोठी मामी येताना नारळ घेऊन आली आणि खोवायला तीच बसली. मामाने बटाटे सोलले. पंगती दोन, कारण खोलीच तेवढी.

"आणि तू कधी जेवलीस?" मी विचारलं.

"शेवटी. खीर संपली होती," आई सहज म्हणाली.

इथे मी जरा थांबले. कारण हे सगळं ऐकताना "किती छान होतं पूर्वी" असं मनात येऊ लागलं होतं. छान काही नव्हतं. टंचाईच्या सणाची किंमत कुणीतरी मोजतच होतं, आणि बहुतेक घरांत ती बाईच असायची. रांगेत ती, मोजणारी ती, आणि कमी पडलं की न खाणारीही तीच. हे त्या बायकांना कळत नव्हतं असंही नाही. १९७२ साली मुंबईत महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बाया एकत्र आल्या आणि हजारो गृहिणी थाळ्या बडवत, लाटणी उगारत रस्त्यावर आल्या. आमची आईसुद्धा एकदा गेली होती, शेजारणीबरोबर. "लाटणं तेच गं, करंज्यांचं," ती हसत म्हणाली. हे मला आजवर माहीत नव्हतं!

तर सांगायचा मुद्दा असा, की टंचाईने आमच्या घराला दोन गोष्टी शिकवल्या, मापाने करणं आणि मिळून करणं. सुबत्ता आली तेव्हा आम्ही या दोन्ही सोडल्या आणि जी सोडायला हवी होती ती तिसरी तेवढी जपून ठेवली: घरातल्या बाईने एकटीने राबायचं आणि शेवटी बसायचं. मागच्या वर्षी मी नेमकं तेच केलं. साखर हवी तेवढी होती, तरी मी आपली रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखी त्रासलेली.

बरं, ती टंचाई सगळ्यांच्याच घरातून गेली असंही नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत शिधा दिला: रवा, हरभराडाळ आणि साखर एकेक किलो, पामतेल एक लिटर. त्यात सण बसवणाऱ्या बायका आजही माझ्या आईच्याच हिशोबाने मोजत असणार. म्हणून काटकसरीचे गोडवे गाताना जरा जपून.

दादाला उलटा फोन केला. म्हटलं, "हॉटेल नको. अकरा वाजता ये, बटाटे सोलायला."

आईने बसून मापं सांगितली, मी लिहून घेतली. चौदा माणसांना तांदूळ एक किलो. कणीक एक किलो, तिच्या साठेक लहान पुऱ्या होतात, म्हणजे माणशी चार. चक्का एक किलो आणि साखर पाऊण किलोच्या वर थोडी, म्हणजे श्रीखंड सगळ्यांना पुरून कुणी मागितलं तर आणखी एक चमचा. बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, आमटी. बस्स. चक्का आदल्या रात्री टांगला. कोशिंबीर वहिनीने घरून चिरून आणली, फोडणी इथे दिली. पुऱ्या भाच्याने लाटल्या. गोल झाल्या नाहीत, पण फुगल्या. खर्च मागच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी आला.

आणि दादा बटाटे सोलता सोलता बोलला, मागच्या वर्षी जे बोलायचं राहिलं होतं ते. त्याच्या नोकरीचं होतं. इथे लिहिण्यासारखं नाही, पण वर्षभर त्याने ते एकट्याने वागवलं याचं वाईट वाटलं. सोलण्यासारखे दोन किलो बटाटे समोर असले की माणूस बोलतो, एवढं कळलं.

पंगती यंदाही दोनच झाल्या, टेबल लहान म्हणून. पहिल्या पंगतीत मुलांबरोबर आईला बसवलं. ती नको नको म्हणत होती. श्रीखंड तिने दोनदा घेतलं.