मंगो राष्ट्रीय उद्यान

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या नैर्ऋत्येस, मिल्ड्युरा शहरापासून सुमारे ११० किमी. अंतरावरील निमवाळवंटी प्रदेशात असलेले राष्ट्रीय उद्यान. त्याची स्थापना १९७९ मध्ये झाली. ते ज्या विलँड्रा सरोवर प्रदेशात मोडते, त्याचा समावेश १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत झाला. पार्किंजी (बार्किंजी), मुत्थी मुत्थी व न्गियाम्पा या आदिवासी समाजांची ही पूर्वजभूमी होय. येथील सरोवर हजारो वर्षांपूर्वीच आटले असून त्याच्या पूर्वकाठी वाऱ्याने वाळू व चिकणमाती रचून चंद्रकोरीच्या आकाराचा, सुमारे ३३ किमी. लांबीचा उंचवटा (भूशास्त्रात यास ‘लुनेट’ म्हणतात) तयार केला आहे. पावसाने त्यात घळी पाडल्या की तळचे तांबडे व त्यावरचे करडे थर उघडे पडतात आणि त्यांतूनच शिंपले, चुली व हाडे वर येतात.

भूशास्त्रज्ञ जिम बाउलर यांना १९६८ मध्ये येथे एका स्त्रीच्या जळालेल्या अस्थी आढळल्या. दहनानंतर अस्थी फोडून त्या पुन्हा जाळल्या व पुरल्या गेल्या होत्या. विधिपूर्वक दहनाच्या ज्ञात पुराव्यांपैकी हा अतिप्राचीन पुरावा ठरतो. १९७४ मध्ये त्यांनाच एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्या हाताची बोटे एकमेकांत गुंतवलेली होती आणि देहावर गेरू टाकलेला होता. हा गेरू जवळपास मिळणारा नसल्याने तो मुद्दाम दुरून आणलेला असला पाहिजे, आणि मृताविषयीचा आदर याहून बोलका क्वचितच सापडेल. दोघांचा काळ सुमारे ४०,००० ते ४२,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. अभ्यासासाठी कॅनबराला नेलेले हे अवशेष परत मिळावेत, ही वंशजांची मागणी सर्वस्वी न्याय्य होती. मात्र स्त्रीच्या अस्थी १९९२ मध्ये, तर पुरुषाच्या थेट २०१७ मध्ये परतल्या. पुढे २०२२ मध्ये, काही वंशजांचा विरोध असताना, दोन्हींचे पुन्हा दफन करण्यात आले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी ओल्या चिकणमातीत उमटलेल्या मानवी पाउलखुणाही २००३ मध्ये येथे उजेडात आल्या.

उद्यानाकडे जाणारे रस्ते बहुतांशी कच्चे असून पावसात बंद होतात. आत इंधन मिळत नाही, त्यामुळे पाणी व इंधन सोबत न्यावे लागते. ‘वॉल्स ऑफ चायना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लुनेटच्या भागात लाकडी पायवाटेपलीकडे केवळ वाटाड्यासोबतच जाता येते. ही स्मशानभूमीही असल्याने वाळूवर दिसणारा शिंपला वा दगडी हत्याराचा तुकडा उचलू नये.