पेट्रोलची धास्ती व तिचीं साधनें

१. ऐतिहासिक कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम दोन प्रश्न विचारतों. कागद अस्सल कीं नक्कल, आणि समकालीन कीं मागाहून लिहिलेला. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून बखरीपेक्षां अस्सल पत्रास अधिक मान देण्याची शिस्त महाराष्ट्रांत रुजली, व ती योग्यच आहे. परंतु या दोन प्रश्नांपलीकडे तिसरा एक प्रश्न उरतो. कागद अस्सल आहे, समकालीनहि आहे. पण ज्या गोष्टीसाठीं तो निर्माण झाला ती गोष्ट प्रत्यक्ष घडली काय? हा प्रश्न एका अलीकडच्या विषयास लावून पाहाणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तो विषय म्हणजे पेट्रोल मिळेनासें होणार या धास्तीनें लोकांनीं तें एकाएकीं भरून घेणें, आणि त्या भरण्यामुळेंच तें मिळेनासें होणें.

विषय नवा आहे म्हणून संशोधकानें त्याकडे पाठ फिरवूं नये. निरखनामे व रोजकीर्दी लिहिणाऱ्या कारकुनांसहि आपण इतिहासाचीं साधनें तयार करीत आहों, असें वाटलें नसेल. त्यांचें काम हिशेबाचें होतें. त्याचा इतिहास मागाहून झाला.

२. प्रथम महाराष्ट्रांतील प्रसंग पाहूं. शके १९४५ शोभन नाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १ जानेवारी २०२४ या दिवशीं देशाच्या अनेक भागांत मालमोटारी व टँकर यांच्या चालकांनीं काम थांबविलें. नाशिक जिल्ह्यांत मनमाडजवळ पानेवाडी येथें तेलकंपन्यांचीं मोठीं आगारें आहेत. तेथून अनेक जिल्ह्यांना टँकरनें पेट्रोल व डिझेल जातें. तेथील टँकर उभे राहिले. ही वार्ता पसरतांच मुंबई, नागपूर, नाशिक इत्यादि ठिकाणीं पंपांवर रांगा लागल्या व कांहीं पंपांवरील सांठा संपला. चंदीगड येथील प्रशासनानें २ जानेवारी रोजीं दुचाकीस २ लिटर व चारचाकीस ५ लिटर अशी मर्यादा घातली. त्याच रात्रीं केंद्रीय गृहसचिव व अखिल भारतीय मोटर वाहतूक काँग्रेस यांची बैठक झाली, चालकांस कामावर परतण्याचें आवाहन निघालें, आणि रांगा ओसरल्या. मुख्य प्रसंग दोन दिवसांचा.

३. या संपाचें कारण भारतीय न्याय संहिता, म्हणजे सन २०२३ चा अधिनियम क्रमांक ४५, यांतील कलम १०६ चें दुसरें पोटकलम होय. अधिनियमास राष्ट्रपतींची संमति २५ डिसेंबर २०२३ रोजीं मिळाली. जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०४-अ अन्वयें निष्काळजीपणानें मृत्यु घडविल्यास अधिकांत अधिक दोन वर्षांची कैद होती. नव्या कलमाच्या पहिल्या पोटकलमानें ती पांच वर्षांपर्यंत नेली. दुसऱ्या पोटकलमांत असें आहे कीं, बेदरकारपणें वाहन चालवून कोणाचा मृत्यु घडविला, आणि पोलीस अधिकाऱ्यास किंवा दंडाधिकाऱ्यास लवकरच वर्दी न देतां चालक पळून गेला, तर त्यास दहा वर्षांपर्यंत कैद होईल व तो दंडासहि पात्र राहील.

दंडाची रक्कम मूळ पाठांत कोठेंहि नाहीं. परंतु संपाच्या त्या दिवसांत चालकांच्या तोंडीं व अनेक वृत्तपत्रांतहि ‘सात लक्ष रुपये दंड’ हा आंकडा सर्रास होता. ज्याची सारी मिळकत महिन्याच्या पगाराएवढी, त्यास सात लक्षांचा दंड म्हणजे घरादारावर नांगर. अपघातस्थळीं थांबल्यास जमाव मारील आणि पळाल्यास दहा वर्षें आंत जावें लागेल, ही चालकांची तक्रार खऱ्या अनुभवावर उभी होती. तिला या आंकड्यानें अधिक धार आली.

येथें संशोधकानें दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. कायद्याचा इतिहास लिहितांना हा आंकडा टाकून द्यावयाचा, कारण मूळ पाठास तो ठाऊक नाहीं. संपाचा इतिहास लिहितांना मात्र तो टाकतां येत नाहीं, कारण माणसें ज्यावर विश्वास ठेवून वागलीं तें त्यांच्या वागण्याचें कारण असतें, मग तें पाठांत असो वा नसो. बखरींतील पुष्कळशा मजकुराचें मोलहि याच प्रकारचें आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. संप झाला तेव्हां ही संहिता अंमलांत आलेलीच नव्हती. पुढें १ जुलै २०२४ रोजीं ती अंमलांत आली, तेव्हां अधिसूचनेनें नेमकें हेंच पोटकलम वगळलें होतें. म्हणजे जो नियम लागू नव्हता त्याच्या भयानें टँकर उभे राहिले, आणि जी टंचाई अद्याप आली नव्हती तिच्या भयानें पंप रिते झाले. दोन्ही भयें येऊं घातलेल्या गोष्टींचीं होतीं. पण दोन्हींचे परिणाम त्याच दिवशीं दिसले.

४. पंप इतके शीघ्र कसे रिते होतात, हें साध्या हिशेबानें समजतें. उदाहरणार्थ एका गांवीं एक हजार दुचाकी आहेत असें धरूं. प्रत्येकीच्या टाकींत ६ लिटर पेट्रोल मावतें, पण सामान्यतः सरासरी २ लिटर असतें; रोजचा खर्च गाडीमागें अर्धा लिटर. गांवच्या पंपाची रोजची विक्री अर्थांतच ५०० लिटर होईल, आणि टँकरहि त्याच अंदाजानें येईल. आतां अफवा उठून सर्वांनीं एकाच दिवशीं टाक्या कांठोकांठ भरल्या, तर गाडीमागें ४ लिटर, म्हणजे एकूण ४,००० लिटर पेट्रोल त्या दिवशीं निघेल. आठ दिवसांची विक्री एका दिवसांत झाली. पंपानें नेहमींच्या हिशेबानें चार-पांच दिवसांचा सांठा ठेवला असेल, तर तो दुपारींच संपेल.

यांत कोणीं एक थेंबहि अधिक जाळला नाहीं, आणि कोणीं काळाबाजारहि केला नाहीं. पंपाखालच्या एका मोठ्या टाकींतील पेट्रोल हजार लहान टाक्यांत गेलें, इतकेंच. गांवांत एकंदर पेट्रोल होतें तितकेंच आहे. फक्त ज्याला त्या दिवशीं खरोखर हवें होतें त्यास तें मिळालें नाहीं. दिवसाच्या कमाईवर रात्रीं घर चालविणारा रिक्षावाला आगाऊ टाकी भरून ठेवूं शकत नाहीं. सावध माणसाची सावधगिरी त्याच्या वांट्यास टंचाई होऊन येते.

यावरून रांगेंतील लोकांस मूर्ख ठरविण्याची जी सवय वृत्तलेखकांस आहे ती सोडावी लागते. टँकर बंद आहे, शेजारी भरतो आहे, आपण न भरल्यास उद्यां पंप रिता मिळेल, हें प्रत्येकाचें अनुमान बरोबरच असतें. प्रत्येकाचें अनुमान बरोबर असल्यामुळेंच सर्वांचें मिळून नुकसान होतें.

५. हा नियम इकडचाच आहे असें नाहीं. ब्रिटनमध्यें सप्टेंबर २०२१ मध्यें जड वाहनांच्या चालकांची संख्या अपुरी पडली होती. २३ सप्टेंबर रोजीं, पुरवठा पोंचत नसल्यामुळें आपले कांहीं पंप बंद ठेवावे लागत आहेत, असें बी. पी. या कंपनीनें कळविलें. बंद पंप थोडेच होते. परंतु वार्ता फुटतांच दुसऱ्या दिवसापासून देशभर रांगा लागल्या, आणि २६ तारखेस पंपचालकांच्या संघटनेनें सांगितलें कीं, तिच्या सभासदांच्या सुमारे साडेपांच हजार पंपांपैकीं दोन-तृतीयांशपर्यंत पंपांवर पेट्रोल उरलें नाहीं. शुद्धीकरणाच्या कारखान्यांत व आगारांत पेट्रोल भरपूर असल्याचें सरकार त्याच वेळीं सांगत होतें, आणि तें खरेंहि होतें. ४ ऑक्टोबरपासून लष्कराचे चालक टँकरवर बसवावे लागले.

मनमाड आणि ब्रिटन यांच्या कथेंत साम्य हें कीं, दोन्हीकडे तुटवडा तेलाचा नव्हता, तें वाहून नेणाऱ्या माणसांचा होता. भेद हा कीं, महाराष्ट्रांत टँकर खरोखर थांबले होते, तर ब्रिटनमध्यें बहुतेक टँकर चालूच होते. नेहमींची वाहतूक वाढलेल्या मागणीस पुरी पडली नाहीं. म्हणून दोन्ही प्रसंगांस एकच ‘टंचाई’ हा शब्द लावतांना लेखकानें कशाची टंचाई हें स्पष्ट करावें.

६. आतां संग्राहकांच्या विशेष उपयोगाचा भाग. पेट्रोलचीं कुपनें व शिधापुस्तिका अनेकांच्या संग्रहीं असतात. दुसऱ्या महायुद्धांत हिंदुस्थानांतहि पेट्रोलवर नियंत्रण होतें, आणि मोटारींस मागें कोळशाच्या गॅसचीं यंत्रें जोडून गाड्या चालविल्या जात. त्या काळचें कुपन सांपडल्यास तें प्रत्यक्ष नियंत्रणाचा पुरावा होय. ब्रिटनमधील १९५६ च्या कुपनांचेंहि तसेंच. सुवेझ कालवा बंद पडल्यावर तेथें १७ डिसेंबर १९५६ पासून १४ मे १९५७ पर्यंत नियंत्रण खरोखर चाललें.

परंतु १९७३ चीं ब्रिटिश कुपनें घ्या. त्या वर्षीं ६ ऑक्टोबर रोजीं अरब-इस्रायल युद्ध सुरू झालें व अरब राष्ट्रांनीं तेलाचें उत्पादन कमी केलें. नोव्हेंबरच्या अखेरीस ब्रिटनच्या टपालकचेऱ्यांतून मोटारवाल्यांस पेट्रोलच्या शिधापुस्तिका वांटण्यास आरंभ झाला. पुस्तिका अस्सल, छपाई सरकारी, काळ निश्चित. पण नियंत्रण कधींच सुरू झालें नाहीं. एकहि कुपन पंपावर फाडलें गेलें नाहीं, आणि म्हणूनच त्या पुस्तिका आज इतक्या कोऱ्या व पुष्कळ मिळतात.

अमेरिकेंतील उदाहरण याहूनहि मोठें आहे. १९७४ सालीं तेथें पेट्रोलचीं सुमारे ४८० कोटी कुपनें छापण्यांत आलीं. त्यांवर जॉर्ज वॉशिंग्टनचें चित्र होतें, आणि तें एक डॉलरच्या नोटेशीं इतकें जुळणारें कीं, नोटेची मोड देणारीं यंत्रें त्यास फसत. हीं कुपनेंहि वापरांत आलीं नाहींत. वर्षानुवर्षें तीं कोठारांत पडून राहिलीं व १९८४ मध्यें नष्ट करण्यांत आलीं. जीं थोडीं वांचलीं तीं संग्राहकांकडे आहेत. उलट १९७९ सालीं इराणांतील राज्यक्रांतीनंतर कॅलिफोर्नियांत पेट्रोलवर खरोखर निर्बंध आला. पण तो कुपनांनीं नव्हे. मोटारीच्या नंबरपट्टीवरील शेवटचा आंकडा सम कीं विषम हें पाहून एक दिवसाआड पेट्रोल मिळे. त्या निर्बंधाचा पुरावा होण्याजोगा कागद मोटारवाल्याच्या हातीं कांहींच राहिला नाहीं.

आणखी शंभर वर्षांनीं केवळ कुपनांवरून इतिहास लिहिणारा जो कोणी असेल, तो १९७४ सालीं अमेरिकेंत कुपनांवर पेट्रोल मिळे असें लिहील, आणि १९७९ सालीं कांहींच निर्बंध नव्हता असें समजेल. दोन्ही विधानें चुकीचीं, आणि पहिल्याचा आधार शंभर टक्के अस्सल! म्हणून हुकमाचा कागद आणि हुकमाच्या अंमलाचा कागद यांत संशोधकानें भेद केला पाहिजे. सनद सांपडली म्हणजे वतन भोगलें असें होत नाहीं, हें जुन्या दफ्तरांत वावरणारांस सांगावयास नको. वहिवाटीचे कागद पाहावे लागतात. पेट्रोलच्या कुपनासहि तोच न्याय लागू आहे.

७. मग २०२४ च्या प्रसंगाचे वहिवाटीचे कागद कोणते? ते आहेत, पण फार नाशवंत आहेत. प्रत्येक पंपावर जमिनीखालच्या टाकींत मोजकाठी घालून सांठा पाहातात व त्याची रोज नोंद ठेवतात; टँकर आला म्हणजे त्याचें चलन येतें. ही त्या पंपाची रोजकीर्दच होय. रांग किती मोठी होती हें छायाचित्र सांगेल, पण सांठा कोणत्या तारखेस संपला व पुन्हां केव्हां आला हें ही नोंदच सांगेल. ‘पेट्रोल नाहीं’ असें हातानें लिहिलेले फलक, पंपचालकांनीं लावलेल्या मर्यादेच्या सूचना, जिल्हा प्रशासनाचीं प्रसिद्धिपत्रकें, हीं दुसऱ्या प्रतीचीं साधनें. मोबाईलवरून फिरलेले निरोप हे त्या दिवसांचे अखबार होत. त्यांतील बातमी खरी मानूं नये. परंतु कोणती बातमी कोणत्या घटकेस कोठवर पोंचली होती हें त्यांजवांचून कळणार नाहीं. निरोप जपतांना मजकुराबरोबर तारीख, वेळ व तो कोणाकडून आला तें स्थळ टिपून ठेवावें. हें नसलें तर निरोपाची किंमत मिती नसलेल्या पत्राइतकीच राहील.

८. एकंदर विवेचनाचा निष्कर्ष तीन कलमांत सांगतां येईल. पहिलें, पेट्रोलच्या धास्तींत टंचाई हें कारण व रांग हें कार्य, असा क्रम नेहमींच नसतो. पुष्कळ वेळां रांग हेंच टंचाईचें कारण असतें, म्हणून नोंदींवरून घटकांचा क्रम लावल्याशिवाय कार्यकारणभाव सांगूं नये. दुसरें, अफवेंतील आंकडे मूळ पाठाशीं ताडून पाहावे, आणि खोटे ठरले तरी फेंकून न देतां ‘अफवा’ या सदराखालीं जपावे. तिसरें, अस्सल कागदावरून तयारी सिद्ध होते, अंमल सिद्ध होत नाहीं.

ज्यांच्या ओळखीचे पंपचालक असतील त्यांनीं त्यांजकडील जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्याच्या सांठ्याच्या नोंदींची नक्कल मागून घेऊन सुरक्षित ठेवावी. जुन्या वह्या रद्दींत जाण्यास फार काळ लागत नाहीं, आणि पेशवाईंतील किती रोजकीर्दी वाण्याच्या पुड्यांना गेल्या याचा हिशेब आपणांपैकीं कोणासच लावतां येणार नाहीं.