नाक कोणी जोडलं?

लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीकत सचित्र छापून आली. रुग्ण होता कावसजी, मराठा शेतकरी, इंग्रजांच्या लष्करात बैल हाकणारा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक नि एक हात छाटला गेला, असं त्या हकीकतीत म्हटलं आहे. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या कुंभारांपैकी एकाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. या मजकुरात नावं कोणाकोणाची आहेत ते पाहण्यासारखं आहे. रुग्णाचं नाव आहे, त्याची जात आहे, काम आहे. अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिलेल्या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांची नावं आहेत. त्यातला टॉमस क्रूसो पुण्याच्या रेसिडेन्सीचा सर्जन. चित्र जेम्स वेल्सचं, म्हणजे सवाई माधवराव आणि नाना फडणवीस ज्याने रंगवले त्याच चित्रकाराचं. पत्र पाठवणाऱ्याने निदान ‘बी. एल.’ एवढी आद्याक्षरं तरी ठेवली. नाव नाही ते फक्त ज्याने शस्त्र चालवलं त्याचं. चेहऱ्याची शस्त्रक्रिया करून घ्यायला निघालेला आजचा पुणेकर डॉक्टरांच्या पदव्या आणि नोंदणी क्रमांक न्याहाळतो तेव्हा त्यात त्याला हाताच्या कसबाची हमी हवी असते. ती हमी त्या कागदात नाही. पण हा माणूस कोण, कुठे शिकला आणि काही बिनसलं तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या कागदावरून कळतं. १७९४ च्या हकीकतीत नेमकं तेवढंच सुटलेलं आहे.

कसबाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा नाही. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोट्यावर बसवून नाकाचा आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोडवायची. दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी तेवढी न कापता ठेवायची, कारण नवी जागा धरेपर्यंत रक्त त्या वाटेनेच पोचणार. थोट्यावरचा जुना वण खरवडून तिथे खाच पाडायची, कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि तिची कड त्या खाचेत बसवायची. पानाला लावतात तो कात पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा धरून ठेवायचा. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. रोग्याने पाच-सहा दिवस उताणं पडून राहायचं, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून आत मऊ कापडाचे बोळे, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी तोडायची. सुश्रुतसंहितेत नाकासाठी गालाची कातडी घ्यायला सांगितलं आहे, इथे ती कपाळाची. तेव्हा हे पोथी उघडून केलेलं काम नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात आलेली, वाटेत बदललेली ही विद्या दिसते.

यावरच कोणी अडवेल, की या कुंभाराकडे कुठला कागद होता? नाक तर बसलं! खरं आहे. पण छापून आलं ते बसलेलं नाक. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा यशस्वी होते असं हकीकत सांगते. न बसलेली किती, याचा हिशेब तिथे नाही. चित्रही शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढलेलं, सगळं भरून आल्यावरचं. आजच्या क्लिनिकांच्या आधी-नंतरच्या फोटोंचा हा पूर्वजच म्हणायला हवा. शिवाय कुंभाराजवळ हमी होती, फक्त ती कागदावर नव्हती. त्याने जोडलेली नाकं त्याच बाजारात, त्याच वाटांवर फिरत असणार, आणि नाक काही धोतरासारखं बदलता येत नाही. काम फसलं तर सगळ्या पंचक्रोशीला कळणार. ही हमी भक्कम होती, पण पायी जाण्याच्या अंतरापुरतीच. हडपसरचा कारागीर आणि नांदेडचा रोगी अशी गाठ पडली की ती संपली. आज तर बावधनला राहणारा माणूस कोरेगाव पार्कातल्या ज्या डॉक्टरकडे जातो, त्याचा एकही जुना रोगी त्याच्या ओळखीचा नसतो. शेजाराची साक्ष उरली नाही, म्हणून नोंदवही आली.

निनावी विद्येचं दुसरं दुखणं म्हणजे ती माणसाबरोबर जाते. कांगड्याच्या कंघियारा घराण्याने नाक जोडण्याची कला विसाव्या शतकापर्यंत टिकवली. त्यांचं नाव तरी आपल्याला सांगता येतं. पुण्याच्या त्या कुंभाराचा धागा कुठे तुटला हे विचारायलाही जागा नाही. उलट लंडनच्या जोसेफ कार्प्यूने ही हकीकत वाचली, हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशा केल्या, प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी पहिली शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने दोन रोग्यांची साद्यंत हकीकत पुस्तकात छापली. १८१८ मध्ये याच विषयावर बर्लिनचा सर्जन ग्रेफे याचं पुस्तक आलं. विद्या पुण्याची, पण जगाने ती शिकली नावानिशी लिहिणाऱ्यांकडून. यात अन्याय आहेच. मात्र नोंद का हवी, याचं याहून चांगलं कारण मला दुसरं दिसत नाही.

परवाना ही इंग्रजांची टूम, असंही म्हटलं जातं. पण खुद्द सुश्रुतसंहितेत वैद्याने राजाची अनुज्ञा घेऊन मगच व्यवसायात उतरावं असं सांगितलं आहे, शिष्यांना भोपळा-काकडीवर छेदाचा सराव करायला लावलं आहे आणि कुवैद्य माजतो त्याचा दोष राजाच्या माथी मारला आहे. इंग्रजी अमलाने यात भर घातली ती सर्वांना उघड असलेल्या यादीची. पुण्यात १८७८ मध्ये बी. जे. मेडिकल स्कूल निघालं (त्याचं कॉलेज १९४६ मध्ये झालं), आणि १९१२ च्या मुंबईच्या कायद्याने डॉक्टरांची नोंदवही सुरू केली. ती फक्त रोग्यांच्या भल्यासाठी होती असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. वैद्य-हकीम तिच्या कुंपणाबाहेर राहिले. त्यांच्यासाठी वेगळी नोंदवही यायला १९३८ चा कायदा लागला, आणि कुंभाराला तर कुठल्याच नोंदवहीत जागा नव्हती. ते भांडण अजून मिटलेलं नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तर शल्य आणि शालाक्य शाखांना ५८ शस्त्रक्रियांची मुभा देणारी अधिसूचना निघाली, तेव्हा डिसेंबरात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी संप केला. आपली मक्तेदारी राखायला नोंदवही वापरली जाते, हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. पण कुंपणाची जागा चुकली तर ती बदलून घ्यावी. कुंपणच काढलं तर आत कोण, बाहेर कोण हे विचारण्याची सोय जाते.

आणि ही सोय वापरायची तर यादी वाचता यायला हवी. अमेरिकेत प्लास्टिक सर्जरीचं बोर्ड १९३७ चं आणि चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीचं वेगळं बोर्ड १९८६ चं. कोणाचं प्रमाणपत्र खरं यावर तिथेही खडाजंगी चालते. आपल्याकडे अशी खासगी बोर्डं नाहीत. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि पुढे या विषयाची वाट ठरली: आधी एमएस, मग एमसीएच किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवी. नाकाचं काम कान-नाक-घशाचे एमएस सर्जनही रीतसर करतात, जबड्याचं काम एमडीएस झालेले दंतशल्यचिकित्सकही. पाटीवरचं ‘कॉस्मेटिक सर्जन’ मात्र यातल्या कशाचंच नाव नाही. २००२ च्या व्यवसाय-नियमांप्रमाणे डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पैशाच्या पावतीवरही द्यायचा असतो, आणि नावापुढे मान्यताप्राप्त पदव्याच लावायच्या असतात. क्रमांक घेऊन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत पाहिलं की पदवी कोणत्या विषयाची ते कळतं. परदेशातल्या चार आठवड्यांच्या फेलोशिपची चौकट भिंतीवर कितीही चकाकत असली तरी तिने ही पदवी भरून निघत नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. यादीत नाव असलेल्यांच्या हातूनही नाकं बिघडतात. बिघडतातच, आणि यादी त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करताना परिषदा-व्याख्यानांना हजेरी लावून मिळवलेले गुण मोजले जातात. या पाच वर्षांत किती नाकं केली, किती पुन्हा उघडावी लागली, हा रकाना तिथे नाही. तोवर हा प्रश्न रोग्यानेच तोंडाने विचारायचा: हीच शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाकाठी किती करता, कोणत्या रुग्णालयात करता, भूल कोण देतं, फसलेल्या केसेसचं काय केलंत? पुण्यात डॉक्टरला असं विचारणं अजून अनेकांना उद्धटपणाचं वाटतं. पण तक्रारीची वेळ आलीच, तर जाब द्यायला एक नाव आणि त्या नावामागे एक कौन्सिल असतं. ते नाव यादीतून खोडण्याचा अधिकारही त्याच कौन्सिलकडे आहे.