गवती चहा : कागदावर नसलेला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला कागद आठवतो. बखर, सनद, रोजनिशी. आज आपण परसातल्या गवती चहाच्या बेटाकडे पुरावा म्हणून पाहू.

पहिला पुरावा नावाचा. ‘चहा’ हा शब्द मूळचा चिनी. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो जानेवारी १८३९ मध्ये. आपल्या घरोघरी तो रुळला त्यानंतर बऱ्याच काळाने. तेव्हा या गवताला ‘गवती चहा’ म्हणायचं तर आधी चहाची ओळख हवी. गुजरातीतही ते ‘लीली चा’ आहे, म्हणजे हिरवा चहा. पण इथे आपण सावध राहायला हवं. नाव नवं म्हणून वस्तूही नवी, हा तर्क चालत नाही. वनस्पतिशास्त्रातही १९०६ साली ऑटो स्टाफ यांनी या गवताचं नाव बदललं, सिम्बोपोगॉन सिट्रेटस असं केलं. गवत होतं तसंच राहिलं.

दुसरा पुरावा खुद्द रोपाचा. लागवडीतला गवती चहा क्वचितच फुलतो. बी पेरून तो कोणी लावत नाही. बेटातून मुळासकट फुटवा काढायचा आणि दुसरीकडे रोवायचा. याचा अर्थ काय झाला? आपल्या दारातलं प्रत्येक बेट कुणाच्या तरी हातून आलेलं आहे. माहेरहून, शेजारून, मावशीच्या परसातून. पात कापली की सिट्रालचा लिंबासारखा वास सुटतो, आल्याबरोबर ती आधणात पडते. पण ही देवघेव कुठल्या दप्तरात नोंदलेली नाही. ती बहुतांशी बायकांनी केली, म्हणूनही नसेल.

आता वाडे पाडले जातात. पाया खणताना बेट उपटलं जातं, आणि त्याबरोबर ही साखळी तुटते. कागदाची नक्कल दुसऱ्या दप्तरात सापडू शकते. याची नक्कल फक्त दुसऱ्याच्या परसात असते, आणि तीसुद्धा आपण आधी दिली असेल तरच.

बाल्कनीत मोठी कुंडी पुरते. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुटवा लावा, वरची पात छाटा, ऊन मिळू द्या, पाणी साचू देऊ नका. दोनतीन वर्षांत कुंडी गच्च भरते, मग बेट खुरटू लागतं. ते जगवायचं तर फोडावंच लागतं. निघालेले फुटवे फेकू नका, शेजारच्या दारी नेऊन द्या.