लिपस्टिक आणि काकांची मोटार

परवा करमाडला काकांकडे मुक्कामी होतो. रात्री साडेअकराला काकांचा मोबाइल वाजला. त्यांनी फोन कानाला लावला, दोन बटणं दाबली आणि कूस बदलून परत झोपले.

"कोणाचा फोन, काका?"

"मोटारीचा. लाइट आली म्हणत होती. दिली लावून."

काका घोरायलाही लागले, माझी मात्र झोप उडाली. घरच्या मंडळींना आठवत असेल, १९९९च्या डिसेंबरात याच मोटारीसाठी काका बॅटरी घेऊन मध्यरात्री निघाले होते. विहीर घरापासून दीड किलोमीटर. ओल्या बांधावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पहाटेपर्यंत ते तिथेच पडून होते. काकू शोधत गेली तेव्हा मोटार चालू होती आणि पाणी दुसऱ्याच वाफ्यात चाललं होतं. काका आजही जरा लंगडतात.

गंमत म्हणजे (गंमत तरी कशी म्हणावी!) वस्तू आपण होऊन माणसाला खबर देतील या कल्पनेचं आज सगळीकडे ऐकू येणारं नाव, 'इंटरनेट ऑफ थिंग्ज', त्याच वर्षी जन्मलं. त्याची कथा मला फार आवडते, म्हणून थोडक्यात सांगतो.

केविन अ‍ॅश्टन नावाचा एक इंग्रज तरुण प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत सौंदर्यप्रसाधनांचं काम बघत होता. कंपनीची तपकिरी छटेची एक लिपस्टिक त्याच्या जवळच्या दुकानात कधीच मिळायची नाही. गोदामात माल होता, पण फळी रिकामी आहे हे गोदामाला कळणार कसं? अ‍ॅश्टनला वाटलं, मालावरच एक बारीक रेडिओ चिप लावली तर? ही कल्पना वरिष्ठांपुढे मांडताना १९९९ साली त्याने त्या सादरीकरणाला हे नाव दिलं.

पुढचं काम एकट्या कंपनीचं नव्हतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये 'ऑटो-आयडी सेंटर' सुरू झालं. पैसा प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि जिलेटसारख्या कंपन्यांचा, डोकं विद्यापीठाचं. त्यात आपल्या आयआयटी कानपूरचे संजय शर्मा होते. चिप महाग का पडते? तर तिच्यात सगळी माहिती भरायची म्हणून. त्यावर तोडगा असा निघाला की चिपमध्ये फक्त एक क्रमांक ठेवायचा, बाकीची माहिती नेटवर्कवर. मग चिप स्वस्त झाली तरी चालतं. हळूहळू शंभराच्या आसपास कंपन्या वर्गणीदार झाल्या. २००३ साली केंद्र बंद झालं, पण तिथे आखलेली मानकं सगळ्या जगाला वापरता आली. आज गाडीच्या काचेवरचा फास्टॅग टोलनाक्यावर ओळख देतो, तो याच कुळातला.

आता तुम्ही म्हणाल, याचा करमाडशी काय संबंध?

संबंध असा की त्या रात्री मला सारखं वाटत होतं, लिपस्टिकची फळी रिकामी होती तर एवढं मोठं विद्यापीठ कामाला लागलं. काका बांधावर पडले होते तेव्हा कोण कामाला लागलं?

विद्यापीठ तर आमच्याकडेही होतं. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. त्याच्याच आवारात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था होती, तेव्हा तिला सगळे सीईडीटीआय म्हणायचे, आज ती नायलिट आहे. १९८५ साली बजाज वाळूजला आली आणि तेव्हाच्या औरंगाबादचं रूपच पालटलं. हुशार पोरं कारखान्यांकडे गेली, कारण प्रश्न घेऊन येणारे तेच होते आणि पगारही तेच देत होते. यात कोणाचा दोष आहे असं मला वाटत नाही. संशोधनाला प्रश्न लागतो आणि प्रश्नामागे पैसे भरणारा कोणीतरी लागतो. मोटारीसाठी रात्री उठणारे लाखो होते, पण त्यांच्या नावाने वर्गणी भरणारं कोणी नव्हतं.

शेवटी तो प्रश्न घेतला पुण्याच्या संतोष ओस्तवाल या अभियंत्याने. त्यांनी आपल्या आजोबांची मोटारीपायी होणारी पायपीट पाहिली होती. त्यांचं 'नॅनो गणेश' म्हणजे स्टार्टरला जोडलेला मोबाइल. फोन करायचा, लाइट आहे की नाही ते कळतं, आणि तिथूनच मोटार चालू-बंद करायची. २००९ साली या यंत्राला नोकियाचं जागतिक बक्षीस मिळालं. काकांकडे आहे ते तसलंच एक यंत्र, जालन्याच्या बाजारातून आणलेलं. पण खरं सांगायचं तर मोबाइल आणि सिमकार्ड आधीच स्वस्त झाले होते म्हणून हे जमलं, आणि ते स्वस्त झाले मोठ्या कंपन्यांच्या धंद्यामुळे. म्हणजे आडवाटेने का होईना, ते सगळं काकांच्या उशाशी येऊन पोचलं. एवढंच की पाय मोडल्यानंतर पोचलं.

हल्ली काकांच्या गच्चीवरून शेंद्र्याचे दिवे दिसतात. तिथल्या 'ऑरिक' या नव्या औद्योगिक शहराच्या मुख्य इमारतीचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते ७ सप्टेंबर २०१९ला झालं. पाणी, वीज सगळं जमिनीखालून, आणि त्यावर नियंत्रण कक्षातून लक्ष. तिकडे बारामतीत कृषी विकास ट्रस्ट, मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून उसाच्या शेतात ओलावा मोजणारे सेन्सर लावलेत. २०२४पासून शेतकऱ्यांना मोबाइलवर सूचना मिळायला लागल्या. वाचून आनंद झाला. पण उसामागे साखर कारखाना असतो. आमच्या मोसंबी-कापसामागे कोण आहे?

सकाळी चहाच्या वेळी काकांचा नातू आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट शोधतोय. सरांनी 'स्मार्ट कचराकुंडी' सुचवली आहे. भरली की मेसेज पाठवते म्हणे.

काका बशीतला चहा संपवून म्हणाले, "उकिरडा भरलेला दिसतोच की रे डोळ्यांनी. विहिरीत पाणी किती राहिलं ते मोटारीला कळंल का, ते बघ. मागल्या उन्हाळ्यात कोरडी फिरून जळाली. साडेसात हजार गेले."

नातू जरा वेळ गप्प बसला. मग उठला, खुंटीवरचा दोर घेतला आणि खोली मोजायला विहिरीकडे निघाला. मीही चपला घातल्या.

प्रोजेक्टचं काय झालं ते पुढे कळवीनच.