तान्ह्या बाळाचा मलावरोध : सहाणेपासून इस्पितळापर्यंत

कोल्हापुराहून निपाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागल हे गाव लागते. इतिहासाच्या पुस्तकांत त्याचे नाव येते ते घाटगे घराण्याच्या जहागिरीमुळे. १८८४ साली याच घराण्यातील यशवंतराव कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले व पुढे शाहू छत्रपती म्हणून विख्यात झाले, हे आपणांस ठाऊक आहेच. परंतु दत्तकविधाने आणि दरबार यांखेरीज प्रत्येक गावाला आणखी एक इतिहास असतो. तो दप्तरात सापडत नाही; तो पाळण्याभोवती घडतो. तान्ह्या मुलास दोन दिवस शौचास झाले नाही, म्हणजे वाड्यात काय आणि झोपडीत काय, घरादाराचा जीव सारखाच टांगणीस लागतो. आज त्या चिंतेचा इतिहास आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आपल्याकडे या चिंतेवरचे पहिले शस्त्र म्हणजे सहाण. हिरडा, वेखंड, सुंठ, मायफळ, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग, ज्येष्ठमध अशी द्रव्ये दुधात किंवा पाण्यात उगाळून ती घुटी बोंडल्याने पाजावयाची, हा कागलसारख्या गावांतच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रात रिवाज होता. तेवढ्याने भागले नाही, तर विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून गुदद्वाराशी लावीत. या घुटीत एक मर्म आहे. हिरडा मळ सैल करतो, तर मायफळ व जायफळ तो बांधतात. म्हणून जाणती आजी आधी लंगोट पाही आणि मग कशाचे किती वेढे द्यावयाचे ते ठरवी. औषध चुकत असेल, मात्राही चुकत असेल; परंतु आधी पाहावे आणि मग द्यावे, हा क्रम मात्र तिने बरोबर धरला होता.

हा क्रम आपल्या शास्त्रालाही अपरिचित नव्हता. बालरोगांवरील काश्यपसंहिता हा प्राचीन ग्रंथ नेपाळात खंडित स्वरूपात सापडला व १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. त्यात वेदनाध्याय नावाचे एक प्रकरण आहे. बोलता न येणाऱ्या मुलाची व्यथा त्याच्या वागण्यावरून कशी ताडावी, हा त्याचा विषय. पोटशूळ झालेले बाळ स्तन टाकून देते, रडते, त्याचे पोट ताठरते, अशी निरीक्षणे तेथे आहेत. मुलाचा देह हीच त्याची भाषा होय, हे ग्रंथकाराने ओळखले होते.

आता १८८६ सालाकडे येऊ. या एका वर्षी दोन घटना घडल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूक ठरली. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी पुत्र झाला होता. योग्य उपचारांअभावी तो दहाच दिवस जगला. त्या दुःखातूनच त्यांचा वैद्यकाचा निश्चय दृढ झाला. परंतु क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी निवर्तल्या आणि कोल्हापूरची ती जागा त्यांच्यावाचूनच राहिली. कोल्हापुरास आगगाडी आली ती १८९१ साली. कागलच्या एखाद्या मातेने बैलगाडीतून मूल आणले असते, तर त्या इस्पितळात तिची विचारपूस करणारी आपलीच एक बाई तिला भेटली असती. तो योग त्या वेळी हुकला. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच इस्पितळात काम करून ती उणीव भरून काढली.

त्याच १८८६ साली बर्लिन येथील सभेत कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञाने दोन अर्भकांची हकीकत सांगितली. जन्मापासून त्यांना मलावरोध होता आणि तेच त्यांच्या मृत्यूचे कारण झाले. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशी नसल्यामुळे तो भाग मळ पुढे ढकलीत नाही, हे रहस्य बऱ्याच काळाने उलगडले. १९४८ साली स्वेन्सन व बिल यांनी तो भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. अशा मुलास घुटीचे कितीही वेढे दिले, तरी काय उपयोग?

याहून खेदाची गोष्ट अशी की, कित्येकदा उपायानेच रोग निर्माण केला. १९२२ साली मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी डॉ. बार्न्स या डॉक्टरीणबाईंनी केली, तेव्हा माता कामावर जाताना तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देतात, असे त्यांना आढळले. अफूने मूल निजते. पण आतडीही निजतात. तिकडे विलायतेत दात येण्याच्या पुड्यांत पाऱ्याचे रेचक असे. त्याने मुले रोगी होतात हे कळल्यावर १९५४ साली ते वगळण्यात आले. आणि घुटीबरोबर आपण कौतुकाने चाटवितो तो मध? त्यातील जंतुबीजांपासून अर्भकांना बॉट्युलिझम हा विषार होऊ शकतो, हे १९७६ साली अमेरिकेत उघड झाले. या रोगाचे पहिले लक्षण बहुधा मलावरोध हेच असते!

मग आज काय करावे? प्रथम ओळख. अंगावर पिणारे मूल दिवसातून अनेक वेळा शौचास जाईल किंवा महिना-दीड महिन्यानंतर कित्येक दिवस जाणारही नाही. मळ मऊ आहे, मूल पिते आहे, वजन वाढते आहे, तोवर तो मलावरोध नव्हे. कुंथताना मूल लाल होते, रडते, आणि शेवटी मळ मऊच येतो. हेही रोगाचे चिन्ह नव्हे. दिवस मोजू नयेत, मळ पाहावा. तो लेंड्यांसारखा कठीण असेल, शौचाच्या वेळी वेदना होत असतील किंवा मळावर रक्ताची रेघ दिसत असेल, तर मात्र तो मलावरोध समजावा.

मग उपाय. सहा महिन्यांपर्यंत आईचे दूध पुरेसे आहे. घुटी, मध, वरचे पाणी काहीही नको. डब्याची पूड द्यावी लागत असेल, तर ती नेमून दिल्याहून घट्ट कालवू नये. बाळाचे पाय सायकल चालविल्यासारखे हलवावेत, पोटावरून हलका हात फिरवावा, कोमट पाण्याने न्हाऊ घालावे. सहा महिन्यांनंतर उकडलेल्या भाज्या, फळांचा गर व थोडे पाणी द्यावे. गाईचे दूध पेय म्हणून वर्षाआधी नको. एरंडेल, देठ किंवा साबणाची कांडी वापरू नये. रेचक द्यावयाचे ते डॉक्टरांनीच.

आणि काही प्रसंगी मुळीच वाट पाहू नये. जन्मल्यावर दोन दिवसांत पहिला काळा मळ पडला नाही, पोट फुगून ताठरले, हिरवी वांती झाली, मूल पीत नाही किंवा मलूल पडले, तर त्याच घटकेस इस्पितळ गाठावे.

श्रोतेहो, कागलच्या त्या आजीची सहाण आता फडताळात गेली, तर त्यात हळहळण्याजोगे काही नाही. तिचा डोळा मात्र आपण जपला पाहिजे. लंगोट उलगडून, बाळाकडे नीट पाहून मगच काय ते ठरविणारी ती नजर ज्या घरात शाबूत आहे, तेथे अर्धे औषध देऊन झाले, असे समजावयास हरकत नाही.