अल्काल्देसा कोण? महापौराची बायको की महापौर?

स्पॅनिश शिकू लागले, तेव्हा व्यवसायांच्या नावांचा नियम मला फार सोपा वाटला. ‘ओ’ने संपणारा शब्द पुरुषाचा, ‘आ’ने संपणारा बाईचा. माएस्त्रो म्हणजे शिक्षक, माएस्त्रा म्हणजे शिक्षिका. देन्तिस्ता, म्हणजे दंतवैद्य, यासारखे ‘इस्ता’ने संपणारे शब्द दोघांनाही चालतात. पण या शब्दांचा इतिहास पाहू लागले, तसतसा हा नियम सुटत गेला.

‘अल्काल्दे’ म्हणजे नगराध्यक्ष. अरबीतून आलेला हा शब्द आपल्या परिचयाच्या ‘काजी’चाच भाऊबंद. त्याचे स्त्रीरूप ‘अल्काल्देसा’ जुनेच आहे. मात्र त्याचा रूढ अर्थ होता नगराध्यक्षाची बायको. क्लारिन या लेखकाची १८८४-८५ साली प्रसिद्ध झालेली ‘ला रेखेन्ता’ ही कादंबरी घ्या. ‘रेखेन्ते’ म्हणजे न्यायालयाचा प्रमुख. नायिका आना ओसोरेस त्या पदावर कधीच नव्हती. तिचा नवरा होता. म्हणजे स्त्रीरूप भाषेत होते, पद मात्र बाईकडे नव्हते.

ते पद हळूहळू आले. विद्यापीठात प्रवेश घेण्यासाठी स्त्रियांना लागणारी खास परवानगी १९१० मध्ये रद्द झाली. १९२४ मध्ये आलिकांते प्रांतातील क्वात्रेतोन्देता या लहानशा गावाच्या नगराध्यक्षपदी मातिल्दे पेरेस मोया यांची नेमणूक झाली. स्पेनमधील त्या पहिल्या अल्काल्देसा. फ्रँकोच्या राजवटीत १९६१ च्या कायद्याने अनेक व्यवसाय स्त्रियांना खुले केले, पण न्यायाधीशपद वगळले. ते १९६६ च्या कायद्याने खुले झाले. त्यानंतर ‘खुएसा’ला न्यायाधीशाची बायको हा अर्थ पुरेना.

विरोध झाला तो व्याकरणाच्या नावाने. ‘न्ते’ने संपणारे शब्द दोन्ही लिंगी असतात, म्हणून ‘प्रेसिदेन्ता’ (अध्यक्षा) अशुद्ध, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात स्पॅनिश अकादमीच्या कोशात हा शब्द १८०३ पासून आहे. शिवाय मोलकरणीसाठीचा ‘सिर्विएन्ता’ आणि दुकानात काम करणाऱ्या बाईसाठीचा ‘देपेन्दिएन्ता’ हे त्याच घडणीचे शब्द कुणाच्या कानाला खटकले नाहीत. उलट बाजूही बोलकी आहे. ‘मोदिस्ता’ हा कपडे शिवणाऱ्या दोघांनाही लागू होणारा शब्द. पण तो बायकी वाटला, म्हणून नामांकित पुरुष शिवणकारांसाठी नियम मोडून ‘मोदिस्तो’ घडवला गेला आणि कोशानेही तो स्वीकारला. नियम ताठर होता तो वरच्या खुर्चीपाशीच.

२००७ मध्ये क्रिस्तिना फेर्नान्देस दे किर्चनेर अर्जेंटिनात निवडून आल्या आणि आपल्याला ‘प्रेसिदेन्ता’च म्हणावे, असा त्यांनी आग्रह धरला. त्याच वर्षी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा ‘पती’ या शब्दावरून आपल्याकडेही चर्चा रंगली होती. शब्द कायम राहिला. आपली ‘पाटलीण’ही अल्काल्देसाच्याच कुळातली. आज गावात बाई पोलीस पाटील झाली, तरी तिच्या पदाला ‘पाटलीण’ म्हणत नाहीत. तो शब्द अजून नवऱ्याच्याच घरात आहे.